जुनी यंत्रे कुठे जातात?

कोल्हापूरच्या एखाद्या पेठेत सकाळी भंगारवाल्याची हातगाडी येते. तिच्यावर रद्दी, पत्र्याचे डबे, मोडकी सायकल असा माल असतो. हल्ली त्यात एखादे कपडे धुण्याचे यंत्र किंवा दार निखळलेला फ्रीजही दिसतो. भंगारवाला तो वजनावर घेतो. ज्या वस्तूसाठी घरातल्यांनी कधीकाळी महिनोन् महिने हप्ते भरले, तिची किंमत आता तिच्यातल्या लोखंडाइतकीच उरलेली असते.

एका पिढीपूर्वी असे सहसा होत नसे. फ्रीज बिघडला तर मेस्त्री घरी येई. नवा फ्रीज आला तर जुना धाकट्या भावाकडे जाई, तिथून गावाकडे, आणि शेवटी एखाद्या टपरीत थंड पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसे. या घरगुती प्रवासाची एक मोठी आवृत्ती जगाच्या बंदरांत चालत असे. श्रीमंत देशांतल्या घरांतून निघालेले फ्रीज, दूरदर्शन संच, धुलाईयंत्रे जहाजांत भरून गरीब देशांत जात आणि तिथे आणखी काही वर्षे चालत. तो व्यापार आज ओहोटीला लागला आहे.

हे दूरच्या बंदरांचे प्रकरण आपण कशासाठी वाचायचे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, कोल्हापूर जिल्ह्याच्या यंत्रविद्येत दुसऱ्याने वापरून सोडलेल्या यंत्रांचा वाटा मोठा आहे. त्या यंत्रांबरोबर माल येत होता आणि शिकवणही येत होती. व्यापाराला ओहोटी लागताना या दोहोंपैकी काय जाते आहे, हे शिक्षकांनी तरी पाहायला हवे.

उताराचा नियम

पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहते. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. जुनी यंत्रेही अशाच एका उताराने वाहतात. हा उतार मजुरीच्या दरातील फरकाचा असतो.

समजा, धुलाईयंत्राची मोटर बिघडली आणि दुरुस्तीला कारागिराचे चार तास लागणार आहेत. टोकियोत किंवा हँबुर्गमध्ये चार तासांची मजुरी, येण्याजाण्याचा खर्च आणि सुटा भाग यांची बेरीज नव्या यंत्राच्या किमतीच्या जवळपास जाते. मग ग्राहक म्हणतो, नवेच घेऊ. तेच चार तास मनिला, लागोस किंवा कोल्हापूर येथे स्वस्त असतात. त्यामुळे एकाच यंत्राला एका गावी कचरा म्हणतात आणि दुसऱ्या गावी भांडवल म्हणतात. या दोन किमतींमधला फरक जहाजाच्या भाड्यापेक्षा जास्त असेल तोवर व्यापार चालतो. तो फरक भरून निघाला की व्यापार थांबतो.

हा नियम लक्षात ठेवून आता आपण इचलकरंजीला जाऊ.

इचलकरंजीचे माग

कोल्हापूरपासून तासाभराच्या अंतरावरचे हे गाव संस्थानी काळात घोरपडे जहागीरदारांचे होते. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या कारकिर्दीत, १९०४ साली, विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसवला. हातमाग घरातच असे. घरातल्या माणसांनी चालवायचे ते उपकरणच होते. यंत्रमाग आल्यावरही बऱ्याच काळपर्यंत घर आणि कारखाना यांच्यात फारशी भिंत उभी राहिली नाही. पुढच्या खोलीत चार माग आणि मागे संसार, असे चित्र गावात ठिकठिकाणी असे.

हे माग कोणत्या जातीचे होते? तो लँकेशायरचा साधा माग. बिडाची जड चौकट, चामड्याचे पट्टे, लाकडी धोटा आणि मिनिटाला साधारण दीडशे वेळा त्या धोट्याची इकडून तिकडे धाव. या मागाचा गुण असा की त्याचे सगळे अवयव उघडे असतात. कोणता दांडा कोणत्या चाकाने हलतो, धोटा नेमका कधी फेकला जातो, हे डोळ्यांनी दिसते. एखादा भाग तुटला तर गावातला लोहार-सुतार तो घडवू शकतो.

लँकेशायरमध्ये कापडधंदा खालावला तेव्हा ब्रिटिश सरकारने १९५९ साली कायदा करून जुने माग मोडीत काढणाऱ्या गिरण्यांना भरपाई दिली. म्हणजे तिथे माग जिवंत ठेवण्यापेक्षा तोडण्यालाच पैसे मिळू लागले. आपल्याकडे उलटा प्रकार झाला. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा गावांत पोचले आणि पुन्हा चालू झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेक गिरण्या मोडकळीस आल्या, तेव्हा या वाटेने आणखी यंत्रे आली. गिरणीतल्या कामगाराच्या हातून सुटलेला माग दुसऱ्या गावात, कमी मजुरीवर, दुसऱ्या कामगाराच्या हाती गेला. उताराचा नियम एका राज्याच्या आतही लागू होतो, तो असा. त्या उताराच्या वरच्या टोकाला बेकारी होती, हेही विसरून चालणार नाही.

पुढचा टप्पा बिनधोट्याच्या मागांचा. स्वित्झर्लंडच्या सुल्झर कंपनीने १९५० नंतरच्या दशकात असा माग बाजारात आणला, की ज्यात जड धोट्याऐवजी धातूची एक लहानशी गोळी आडवा धागा ओढून नेते. फेकायचे वजन कमी झाले की वेग वाढवता येतो. हे न्यूटनच्या दुसऱ्या नियमाचे सरळ उदाहरण आहे. नवा सुल्झर घेणे लहान कारखानदाराला झेपणारे नव्हते. परंतु युरोपातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या आणि तिथले वापरलेले माग थोड्या किमतीत मिळत होते. भारत सरकारने १९९९ साली तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना सुरू केली, तिच्यात ठरावीक वयापर्यंतच्या जुन्या बिनधोट्याच्या मागांनाही जागा होती. कंटेनर भरभरून यंत्रे आली. इचलकरंजीच्या जॉबरांनी, म्हणजे माग लावणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी, ती खोलली, पुसली, जुळवली आणि चालवली. यांतल्या पुष्कळांनी अभियांत्रिकीचा वर्ग कधी पाहिला नव्हता.

मग हा ओघही आटला. युरोपातल्या बंद गिरण्या काही अनंत नव्हत्या. चीनमधून नवे माग स्वस्तात येऊ लागले. २०१६ साली सुधारलेल्या सरकारी योजनेचा भर नव्या यंत्रांवर होता. जुना माग घेण्यातला फायदा असा तिन्ही बाजूंनी कमी झाला. आता तर साधे यंत्रमागही वजनावर विकले जात आहेत.

उघडे यंत्र हाच शिक्षक

जुन्या यंत्राबरोबर शिकवण येते असे वर म्हटले. त्याचे कोल्हापुरातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चित्रपटाचे आहे.

आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंना चलच्चित्रांचे वेड लागले होते. नवा कॅमेरा परदेशातून आणायचा तर पैसा नव्हता, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात तो मिळणेही अवघड होते. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक वापरलेला प्रोजेक्टर आणल्याची हकीकत सांगतात. आता प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही एकाच तत्त्वाची दोन रूपे आहेत. दोन्हींत फीत एका चौकटीपुरती पुढे सरकते, क्षणभर थांबते आणि पुन्हा सरकते. एकात प्रकाश आतून बाहेर जातो, दुसऱ्यात बाहेरून आत येतो. ज्याला एक उमगला त्याला दुसरा करून पाहण्याची वाट सापडते. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले, तरी बाबूरावांनी नाद सोडला नाही. विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८ साली त्यांनी चालता कॅमेरा तयार केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. दामले पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले.

या गोष्टीत प्रतिभा आहेच, पण एक भौतिक अटही आहे. यंत्र उघडता येणारे होते. स्क्रू फिरवला की आतले दिसत होते आणि जे दिसत होते ते लेथवर घडवता येत होते. उद्यमनगरातल्या कितीतरी कारखान्यांची सुरुवातही अशीच आहे. शेतकऱ्याचे बिघडलेले ऑइल इंजिन दुरुस्तीला यायचे, त्याचा झिजलेला भाग तयार करावा लागायचा, तो एक करता आला की शंभर करता यायचे. दुरुस्तीपासून सुटा भाग, सुट्या भागापासून पूर्ण यंत्र, अशी ती शिडी होती. जुने यंत्र ही तिची पहिली पायरी.

फ्रीजचा समुद्रप्रवास

आता घरगुती उपकरणांकडे वळू. या व्यापाराचे सर्वांत बोलके उदाहरण जपानचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी घरे उपकरणांनी भरली, आणि ती काही वर्षांत बदलण्याची सवयही लागली. काढून टाकलेला माल आग्नेय आशियातल्या देशांत जाऊ लागला.

येथे विज्ञानाच्या तासाला उपयोगी पडेल अशी एक अडचण होती. जपानमध्ये घरात १०० व्होल्टचा विद्युतपुरवठा असतो. आपल्याकडे तो २३० व्होल्टचा आहे आणि फिलिपिन्समध्येही साधारण तेवढाच. १०० व्होल्टवर १,००० वॉट घेणारी जपानी शेगडी सरळ २३० व्होल्टला जोडली तर काय होईल? तिचा रोध १० ओहम. ओहमच्या नियमाने प्रवाह १० ऐवजी २३ अँपिअर होईल आणि शक्ती ५,२९० वॉट, म्हणजे पाचपटीहून जास्त. शेगडी काही क्षणांत जळेल. त्यामुळे जपानी मालाबरोबर रोहित्रांचा जोडधंदाही चाले. शिवाय जपानच्या पूर्व भागात वीज ५० हर्ट्झची आणि पश्चिम भागात ६० हर्ट्झची आहे. ६० हर्ट्झसाठी केलेली साधी मोटर ५० हर्ट्झवर मंद फिरते आणि जास्त तापते. जुन्या मालाचा व्यापारी पदवीधर नसेल, पण हे सगळे त्याला ठाऊक असावे लागे.

जपानने १९९८ साली घरगुती उपकरणांच्या पुनर्वापराचा कायदा केला आणि एप्रिल २००१ पासून तो लागू झाला. दूरदर्शन संच, फ्रीज, धुलाईयंत्र आणि वातानुकूलन यंत्र या चार वस्तू टाकून देताना ग्राहकाने शुल्क भरायचे आणि उत्पादकाने त्यांतली द्रव्ये परत मिळवायची, अशी ती व्यवस्था. पण शुल्क भरण्याऐवजी जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला फुकट देणे काहींना सोयीचे वाटले. काही माल कायद्याच्या वाटेने कारखान्यात गेला, काही आडवाटेने बंदरावर.

ओहोटीची कारणे

मग हा व्यापार का घटत गेला? कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण, नवा माल स्वस्त झाला. उपकरणांचे उत्पादन चीन आणि आग्नेय आशियात गेल्यावर, जे देश जुना माल घेत होते तेच नवा माल करू लागले. उताराची उंचीच कमी झाली.

दुसरे कारण, तंत्रज्ञान मधूनच तुटले. जपानमध्ये जुन्या पद्धतीचे दूरदर्शन प्रक्षेपण २४ जुलै २०११ रोजी बहुतेक भागांत बंद झाले. काचेच्या जाड नळीचे लाखो संच एकदम निरुपयोगी ठरले. बाजारात एकदा पूर आला, पण सपाट पडद्यांपुढे या संचांना गिऱ्हाईक राहिले नाही. नळीच्या काचेत शिसे असते, त्यामुळे ते फेकणेही सोपे नव्हते.

तिसरे कारण विजेचे. हे गणित वर्गात जरूर मांडावे. समजा, जुना फ्रीज रोज ३ युनिट वीज खातो आणि नवा १ युनिट. रोजचा फरक २ युनिट, वर्षाचा ७३० युनिट. युनिटला ७ रुपये धरले तर वर्षाला ५,११० रुपये. जुना फ्रीज नव्यापेक्षा दहा हजारांनी स्वस्त मिळाला, तरी दोन वर्षांत तो महाग पडतो. गरिबाला स्वस्त वाटलेली वस्तू त्याच्याकडून हप्त्याहप्त्याने जास्त पैसे घेते. हे ओळखूनच आफ्रिकेतल्या घानाने २००८ साली वापरलेले फ्रीज आणि वातानुकूलन यंत्रे यांच्या आयातीवर बंदीचा कायदा केला आणि २०१३ पासून तो कडकपणे अमलात आणला.

चौथे कारण हवेचे. जुन्या फ्रीजमध्ये क्लोरोफ्ल्युओरोकार्बन वर्गातला वायू असे. तो ओझोनच्या थराला मारक ठरतो हे कळल्यावर १९८७ साली माँट्रियल करार झाला आणि २०१० पर्यंत भारतासह विकसनशील देशांनीही या वायूंचा वापर जवळजवळ संपवला. जुना फ्रीज पाठवणे म्हणजे हा वायूही पाठवणे.

पाचवे कारण, कचरा आणि वापरलेली वस्तू यांतली रेघ. घातक कचऱ्याच्या देशोदेशीच्या वाहतुकीवर नियंत्रण आणणारा बाझल करार १९८९ साली झाला आणि १९९२ पासून लागू झाला. चालू स्थितीतले उपकरण कचरा नव्हे, या सवलतीचा गैरफायदा घेऊन मेलेले संचही ‘वापरलेला माल’ म्हणून कंटेनरमध्ये भरले जात. ते जिथे उतरत तिथे तारांवरचे आवरण जाळून तांबे काढणारी मुले दिसू लागली. १ जानेवारी २०२५ पासून या कराराच्या दुरुस्तीनुसार सर्वच विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्याला, तो घातक असो वा नसो, घेणाऱ्या देशाची पूर्वसंमती लागते. भारतातही ई-कचऱ्याचे नियम २०११ मध्ये आले आणि २०१६ व २०२२ मध्ये ते नव्याने केले गेले.

ही पाचही कारणे पाहिली तर व्यापार घटला याचे फारसे दुःख करावे असे नाही. दुसऱ्याचे विष आपल्या अंगणात येऊ नये, हे योग्यच आहे. पण सहावे कारण वेगळ्या जातीचे आहे. यंत्रे बंद झाली आहेत, म्हणजे उघडेनाशी झाली आहेत. स्क्रूच्या जागी डिंक आला, सुट्या भागांच्या जागी एक अखंड पट्टी आली. ती बिघडली की मेस्त्री म्हणतो, “पट्टीच बदलावी लागेल”, आणि पट्टी मिळत नाही. अशा यंत्राला दुसरे आयुष्य नसते, आणि ते कोणाला काही शिकवतही नाही.

शेवटचा मुक्काम

मग कोल्हापुरातल्या त्या हातगाडीवरचा फ्रीज कुठे जातो? त्याचा पत्रा बहुधा कोणत्या तरी भट्टीत जातो. कोल्हापूर परिसरात, शिरोलीपासून कागलपर्यंत, सुमारे तीनशे फौंड्री आहेत. मोटारी, ट्रॅक्टर, पंप यांचे ओतीव भाग येथे होतात. विजेच्या भट्टीत पोलादी भंगार वितळवून त्यात कार्बन आणि सिलिकॉन योग्य प्रमाणात मिसळले की बीड तयार होते. बिडात कार्बन साधारण ३ ते ३.५ टक्के असतो, म्हणूनच ते पोलादाच्या मानाने बरेच कमी तापमानाला वितळते. पत्र्यावर जस्ताचा थर असेल तर मात्र अडचण. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याचा पांढरा धूर भट्टीवरच्या कामगाराच्या छातीत जातो. भंगार निवडून घेणे हे त्यासाठीही कौशल्याचे काम आहे.

ही परंपराही जुनी आहे. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा शाहू महाराजांच्या संमतीने पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा किर्लोस्करवाडीच्या भट्टीत गेल्या आणि त्यांचे नांगर झाले, असे सांगतात. इचलकरंजीच्या मागाची बिडाची चौकटही अशीच पुन्हा भट्टीत जाऊन पंपाचे कवच होऊ शकते. धातू मरत नाही. मात्र भट्टीत टाकताच यंत्राची रचना, म्हणजे त्यात साठवलेली बुद्धी, कायमची वितळते. पत्र्याचे पैसे येतात, पण यंत्र कसे चालते हे त्यातून परत मिळत नाही.

शाळेपुरते एक काम

म्हणून सुचवावेसे वाटते की, भट्टीत जाण्याआधी जुन्या यंत्राचा एक मुक्काम शाळेत व्हावा. मिक्सर, इस्त्री, टेबलपंखा, शिवणयंत्र या वस्तू पालकांकडून सहज मिळतात. इस्त्री उघडली की दोन धातूंची पट्टी तापल्यावर कशी वाकते ते दिसते. मिक्सरमध्ये कार्बनचे ब्रश झिजलेले सापडतात, आणि मोटर का थांबली हे मुलांनाच उमगते. टेबलपंख्याचा धारित्र काढून पाहिला की पंखा ढकलल्याशिवाय का फिरत नाही, हा प्रश्न सुटतो. उघडण्यापूर्वी वायर प्लगपासून कापून टाकावी. जुना दूरदर्शन संच, मायक्रोवेव्ह भट्टी आणि फ्रीजचा कॉम्प्रेसर मात्र मुलांच्या हाती देऊ नयेत. पहिल्या दोहोंत वीज बंद केल्यावरही जीवघेणा भार राहू शकतो आणि तिसऱ्यात दाबाखालचा वायू असतो.

वरच्या वर्गांना एक पाहणीही देता येईल. आपल्या गल्लीत वीस वर्षांपूर्वी दुरुस्तीची किती दुकाने होती, आज किती आहेत? घरातले कोणते उपकरण शेवटचे कधी दुरुस्त झाले? जे टाकले ते का टाकले: बिघडले म्हणून, वीज जास्त खाते म्हणून, की सुटा भाग मिळाला नाही म्हणून? उत्तरांचा तक्ता केला की वर दिलेल्या सहा कारणांपैकी आपल्या गावात कोणते जोरात आहे, ते मुलांना स्वतःच्या आकड्यांतून दिसेल.

जहाजातून येणारी जुनी यंत्रे यापुढे कमी होत जातील, आणि बव्हंशी ते बरेच आहे. परंतु ज्या पोरांनी पूर्वी गॅरेजात, मागाच्या कारखान्यात, लेथच्या शेजारी उभे राहून यंत्र उघडायला शिकायचे, त्यांची ती जागा आता रिकामी आहे. ती भरायची तर हातगाडी भट्टीकडे वळण्याआधी शाळेच्या फाटकाशी थांबवायला हवी.